चुलीची निगा आणि धुराड्याची सफाई
(मंडळाच्या वर्धापनदिनी, वणी येथे केलेले भाषण)



आपल्या मंडळाच्या वाढदिवशी कोणी गाणे म्हणते, कोणी पाककृती सांगते, कोणी एखाद्या मोठ्या विषयावर बोलते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मोठ्या विषयाला हात घालण्याचे धाडस माझ्याच्याने होणार नाही. परंतु ज्या वस्तूपुढे बसून आपल्या आयांनी, सासवांनी आणि आपणही अर्धे आयुष्य काढले, तिच्याविषयी चार गोष्टी सांगण्यास हरकत नसावी. ती वस्तू म्हणजे चूल. त्यातही मला अधिक बोलायचे आहे ते चुलीमागे उभ्या असणाऱ्या धुराड्याविषयी. चुलीकडे आपण रोज पाहतो, सारवतो, सणाला तिची पूजाही करतो. धुराड्याकडे मात्र कोणाचेच लक्ष जात नाही.

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, बाई, आता घरोघर गॅस आला, चुलीचे पुराण कशाला? गॅस आला ही गोष्ट खरी, आणि चांगली. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे सुरू झाली, आणि ७ सप्टेंबर २०१९ रोजी आपल्या महाराष्ट्रातच, तेव्हाच्या औरंगाबादेत, आठ कोटींवी जोडणी एका भगिनीच्या हाती दिली गेली. तरीही पहाटे आपल्या गावातून एक फेरी मारून पाहा. न्हाणीघराच्या मागून, पडवीतून, गोठ्याच्या कडेने धूर निघतच असतो. चहा आणि भाजी गॅसवर. आंघोळीचे पाणी, भाकरी आणि जनावरांचे आंबोण चुलीवर. टाकी संपली आणि हाती पैसे नसले, म्हणजे पंधरा दिवस सगळाच स्वयंपाक चुलीवर. गडाच्या चैत्रयात्रेला आणि नवरात्रात पाहुणे आले की अंगणात मोठे चुलाण मांडावेच लागते. शिवाय बागांची छाटणी झाली की द्राक्षाच्या काड्यांचे भारे पडलेले असतात. ते जळण कोणाला नकोसे वाटेल?

तेव्हा चूल गेलेली नाही. ती स्वयंपाकघरातून उठून पडवीत गेली आहे. पूर्वी ती घराच्या मध्यभागी होती, तेव्हा तिचा धूर सगळ्यांच्या डोळ्यांत जाई आणि कोणी ना कोणी तिची काळजी घेई. आता ती मागच्या दाराला गेली. तिच्यापुढे बसणारी बहुधा म्हातारी सासू असते, नाहीतर शाळेत जाण्याआधी पाणी तापवणारी मुलगी. त्या दोघींच्या छातीत काय जाते हे पाहणारे कोणी उरले नाही. म्हणून मला हा विषय आजच बोलावासा वाटला.

धुराने डोळे चुरचुरतात आणि ठसका लागतो एवढेच आपण समजतो. परंतु डोळ्यांत पाणी आणणारा धूर तरी कळतो. खरा घात न दिसणाऱ्या कणांनी होतो. हे कण आपल्या डोक्याच्या केसाहून वीस-तीस पटींनी बारीक असतात. ते नाकात अडत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. कधी विडीला हात न लावलेल्या बायांना म्हातारपणी धाप लागते, त्याचे एक मोठे कारण हे आहे. डोळ्यांत मोतीबिंदू होणे, तान्ह्या मुलांना न्यूमोनिया होणे, पोटातल्या मुलाचे वजन कमी भरणे, या सर्वांशी घरातल्या धुराचा संबंध डॉक्टरांनी दाखवून दिला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० या एका वर्षात घरातल्या धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. हा आकडा माझ्या मुलीने मला वाचून दाखवला, तेव्हा मी तिला तो दोनदा वाचायला लावला.

बिनधुराच्या चुलीचा विचार काही आजचा नाही. १९३४ साली वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला. कुमारप्पांनी त्याचा भार उचलला. तेथील मगनवाडीने खेड्यातल्या बाईला धुरातून सोडवण्यासाठी मातीची, धुराडे असलेली चूल दिली. तीच मगन चूल. पुढे हैदराबादचे इंजिनियर एस. पी. राजू यांनी १९५३ साली गोरगरिबांच्या बिनधुराच्या स्वयंपाकघरांवर पुस्तकच लिहिले. मग १९८०च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. तो २००२ साली संपला, तोवर देशात तीन कोटींहून अधिक चुली बसल्या होत्या. भगिनींनो, एवढ्या चुली बसल्या, मग धूर का गेला नाही?

याचे उत्तर मला दोन ठिकाणच्या हकिकतींत सापडले. पहिली ओडिशातली. तेथील खेड्यांत धुराड्याच्या मातीच्या चुली बांधून दिल्या आणि पुढे चार वर्षांपर्यंत त्या घरांची पाहणी केली. ही पाहणी करणाऱ्यांत एस्थर डुफ्लो या बाई होत्या. त्यांना पुढे २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पहिल्या वर्षी बायकांच्या छातीत जाणारा धूर कमी झाला. पुढे मात्र तो फरक उरला नाही. चुलींना भेगा पडल्या, त्या कोणी बुजवल्या नाहीत. नियमाने त्यांची निगा राहिली नाही, आणि हळूहळू त्या वापरातूनही गेल्या.

दुसरी हकिकत दूर अमेरिका खंडातल्या ग्वाटेमाला देशाची. तेथेही डोंगरातल्या खेड्यांत लाकडावर स्वयंपाक होतो. तेथे धुराड्याच्या चुली दिल्या आणि त्यासोबत आणखी एक गोष्ट केली. दर आठवड्याला कार्यकर्ते घरी जात, चूल पाहत, आणि ती नादुरुस्त असली तर दुरुस्त करून घेत. तेथे घरातल्या माणसांच्या छातीत जाणारा धूर जवळजवळ निम्मा झाला आणि लहान मुलांचा अतिगंभीर न्यूमोनिया सुमारे एकतृतीयांशाने घटला. हे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले.

दोन्हीकडे चूल धुराड्याचीच होती. एकीकडे निगा होती, दुसरीकडे नव्हती. मला तर यातून एवढेच दिसते की बिनधुराची चूल एकदा बसवून भागत नाही. तिला बिनधुराची ठेवावी लागते.

ती कशी ठेवावी हे समजण्यासाठी धुराडे काम कसे करते ते पाहू. तापलेली हवा हलकी होते आणि वर जाते. धुराड्यात ती वर चढली की तिच्या जागी चुलीच्या तोंडातून दुसरी हवा आत ओढली जाते. हिलाच धुराड्याची ओढ म्हणायचे. ओढ चांगली असली की जाळ चांगला पेटतो आणि धूर मागे जातो. धुराडे सरळ आणि उंच असेल तर ओढ वाढते. वाकडे, बुटके किंवा चोंदलेले असेल तर कमी होते. वैलावर भांडे नसले, किंवा भांडे लहान आणि भोक मोठे असले, तर तेथून गार हवा आत शिरते आणि ओढ मोडते. म्हणून वैल रिकामी असेल तेव्हा तिच्यावर झाकण ठेवावे.

काजळी का धरते तेही सांगते. ओल्या लाकडाचा निम्मा भाग पाणीच असते. ते पाणी उडवण्यात जाळाची उष्णता खर्च होते, लाकूड धुमसते, आणि धूर गार होऊन धुराड्याच्या आतल्या अंगाला डांबरासारखा चिकटतो. हा थर दुहेरी वाईट. तो वाट अडवतो, आणि पुरेसा जाड झाला की स्वतःच पेट घेतो.

तेव्हा धुराड्याची सफाई सुरू होते ती सरपणापासून. मृगाचा पाऊस येण्याआधी वर्षाचे जळण भरून घ्यावे. लाकूड मनगटाएवढे बारीक फोडावे, जमिनीपासून वर, दगडांवर किंवा फळ्यांवर रचावे, वरून झाकावे आणि बाजूंनी वारा खेळू द्यावा. दोन लाकडे एकमेकांवर आपटली की खणखणीत आवाज यावा आणि टोकांना चिरा दिसाव्यात. बद्द आवाज आला तर ते अजून ओले आहे. चुलीत एकावेळी दोन-तीनच लाकडे घालावीत आणि जळतील तशी पुढे सारावीत. तोंड गच्च भरले की हवा जात नाही आणि धूर उलटतो. द्राक्षाच्या काड्या पेटवणाला उत्तम, परंतु त्यांना गुंडाळलेल्या प्लॅस्टिकच्या दोऱ्या आधी काढाव्यात. पिशव्या, टायरचे तुकडे, रंगवलेली फळकुटे, प्लायवूड हे चुलीत घालूच नये. त्याचा धूर विषारी असतो. पेटवायला नारळाची शेंडी, सुतारकामाच्या ढलप्या, दाणे काढलेली मक्याची कणसे पुरतात. पेटत्या चुलीवर रॉकेल तर कधीच ओतू नये.

आता कामाचा क्रम. रोज चूल पेटवण्यापूर्वी राख काढावी. राखेत निखारे लपलेले असतात आणि ते दोन-दोन दिवस जिवंत राहतात. म्हणून राख घमेल्यात काढावी, पाणी शिंपडावे आणि चाऱ्याच्या गंजीपासून, गोठ्यापासून लांब ठेवावी. पिशवीत किंवा पाटीत भरून कोपऱ्यात ठेवू नये.

आठवड्यातून एकदा चूल आणि धुराडे यांच्यामधली वाट साफ करावी. राख आणि काजळी पहिल्यांदा तिथेच साठते. त्याच दिवशी चुलीच्या भेगा पाहाव्यात. माती, शेण आणि बारीक भुसकट यांचा काला एक-दोन दिवस भिजवून तो भेगेत दाबावा आणि वरून सारवावे. नुसत्या काळ्या मातीला वाळल्यावर पुन्हा चिरा जातात.

महिन्यातून एकदा धुराडे साफ करावे. पावसाळ्यात जळण ओलसर असते, तेव्हा पंधरा दिवसांनी. चूल आदल्या रात्रीपासून विझलेली आणि पूर्ण गार असावी. भांडी व धान्य झाकावे, मुलांना बाहेर पाठवावे, नाकातोंडाला दुहेरी फडके बांधावे. चुलीच्या तोंडावर आणि वैलावर ओले पोते टाकावे. लांब बांबूच्या टोकाला काथ्याचा जाड बोळा घट्ट बांधावा आणि तो आत वरखाली फिरवावा. नवे धुराडे बांधताना तळाशी एक वीट सुटी ठेवून ती मातीने लिंपावी; सफाईच्या दिवशी ती काढली की वर न चढताही पुष्कळ काम होते. काम झाल्यावर पेटलेली उदबत्ती चुलीच्या तोंडाशी धरावी. तिचा धूर आत ओढला गेला तर वाट मोकळी आहे असे समजावे. बाहेर आला तर अजून काही अडले आहे.

छपरावर चढणे मात्र जिवावरचे काम आहे. सिमेंटचा पत्रा पायाखाली फुटतो. कोणी शिडी धरणारे असेल तरच चढावे आणि जवळ विजेची तार असेल तर लोखंडी गज हातात घेऊ नये. जुन्या योजनेतल्या काही नळ्या ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या होत्या. तशी नळी घरात असेल तर ती कोरडी खरवडू नये, कापू किंवा फोडू नये; तिचे तंतू छातीत गेले तर घात करतात. ती बदलून घेणे बरे.

वर्षातून एकदा, पावसाळा सरल्यावर, धुराड्याची टोपी पाहावी. चिमण्यांची घरटी, गांधीलमाश्यांची पोळी टोपीखाली सापडतात. धुराडे छपराच्या वर दोन-तीन फूट तरी असावे, म्हणजे धूर फिरून घरात येत नाही आणि शेजारणीच्याही दारात जात नाही. पत्र्याची नळी असेल तर ती लाकडी वाशांपासून आणि गवतापासून दीड फूट दूर असावी. जेथे ती छपरातून जाते तेथे भोवती पत्रा बसवावा.

इतके करूनही कधी धुराड्यात आग लागली, घूं-घूं असा आवाज येऊन वर ठिणग्या उडू लागल्या, तर घाबरून धुराड्यात पाणी ओतू नये. तापलेली नळी तडकते आणि वाफेने माणूस भाजतो. आधी सगळ्यांना बाहेर काढावे. जमले तर चुलीतली लाकडे ओढून घ्यावीत आणि चुलीचे तोंड व वैल झाकून आतली हवा तोडावी. छपरावर बाहेरून पाणी मारावे आणि १०१ किंवा ११२ वर फोन करावा. पातळाने पेट घेतला तर पळू नये. जमिनीवर लोळावे, किंवा दुसऱ्याने घोंगडी गुंडाळावी. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे गार पाणी सोडावे. हळद, तूप, टूथपेस्ट काही लावू नये. १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. चुलीशी बसताना पदर कमरेला खोचावा आणि नायलॉनचे पातळ नेसू नये, हे मी आपणांस नव्याने सांगायला नको.

बंबाविषयी आणि शेगडीविषयी दोन शब्द सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. बंबाच्या मधल्या नळीतही काजळी धरते. तीही महिन्याला गजाने खरवडावी. बंबात पाणी भरल्याशिवाय जाळ घालू नये. आणि बंद न्हाणीघरात बंब पेटवून आत आंघोळीला बसू नये. विस्तवातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तात प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने तो चिकटतो. डोके दुखते, गरगरते, मळमळते आणि माणूस निजल्या जागी बेशुद्ध होतो. थंडीत निफाडचा पारा उतरला म्हणजे आपल्याकडेही हुडहुडी भरते. मग बाळंतिणीच्या खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवतात आणि वारा लागू नये म्हणून दारे-खिडक्या लावून घेतात. वडीलधाऱ्यांची माया त्यामागे आहे, हे मला समजते. परंतु बंद खोलीत निखारे म्हणजे आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका. ऊब हवी तर अंगभर कपडे, गोधडी आणि आईची कूस द्यावी. शेगडी बाहेर धगधगीत करून आत आणली तरी वायू निघायचा थांबत नाही. कोणाला असा त्रास झाला तर त्याला लगेच मोकळ्या हवेत आणावे आणि डॉक्टरांकडे न्यावे.

आपल्यातील काही वडीलधाऱ्या भगिनी म्हणतात, धुराने घराचे वासे टिकतात, वाळवी लागत नाही, डास पळतात. त्यांचे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही. परंतु वाशाला दुसरा उपाय करता येतो, डासांना मच्छरदाणी आहे. सासूबाईंच्या छातीला दुसरी छाती आणता येत नाही. आणि हेही स्पष्ट सांगते की धुराडे धूर नाहीसा करत नाही, तो बाहेर नेते. म्हणून ज्या घरात गरोदर बाई किंवा तान्हे मूल आहे त्या घरी तरी रोजचा स्वयंपाक गॅसवर व्हावा. टाकीच्या पैशांची ओढाताण असेल तर घरखर्चात तिला आधी जागा द्यावी. हे पुरुष मंडळींनीही ऐकावे.

शेवटी मंडळापुढे एक मागणी ठेवते. धुराडे अस्वच्छ राहते ते आळसामुळे नव्हे. ते काम कोणाचे, हेच ठरलेले नसते. पुरुष म्हणतात चूल बायकांची, बायका म्हणतात छपरावर आम्ही कशा चढणार? यात महिने जातात. ज्या घरी एकटी म्हातारी राहते, तिच्याकडे तर शिडी धरायलाही माणूस नसते. तेव्हा आपल्या मंडळाने एक लांब बांबू, काथ्याचे चार बोळे आणि एक भक्कम शिडी विकत घ्यावी. खर्च फार नाही. हळदीकुंकवाच्या एका वाणात भागेल. दर अमावास्येला दोन-दोन भगिनींनी आपापल्या आळीत फिरावे, उदबत्ती लावून ओढ पाहावी, आणि जेथे अडले असेल तेथे घरातल्या मुलाला किंवा पुरुषाला हाताशी घेऊन सफाई करून द्यावी. ग्वाटेमालाच्या डोंगरात जे दर आठवड्याला होऊ शकले, ते सप्तशृंगीच्या पायथ्याशी महिन्यातून एकदा व्हायला काय हरकत आहे?

ही मागणी पसंत पडली तर आजच्या सभेतच नावे द्यावीत. येत्या अमावास्येच्या फेरीसाठी माझे नाव पहिले लिहावे, अशी सेक्रेटरीबाईंना विनंती करते.